मुक्कामाच्या गाडीला दुसरी बॅटरी

(खरीप शेतकरी मेळाव्यात कृषी शक्ती व अवजारे विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून आपण बीजप्रक्रिया, पेरणीयंत्र आणि खतांच्या मात्रा यांविषयी ऐकत आहात. माझा विषय थोडा वेगळा आहे. आज गावोगावी पिकअप गाड्या झाल्या आहेत. भाजीपाला घेऊन गाडी रात्री बाजार समितीच्या आवारात उभी राहते. आषाढात तीच गाडी दिंडीचे सामान घेऊन पंढरपूरला निघते. म्हणजे गाडी आता नुसती धावत नाही, ती मुक्कामही करते. मुक्कामात दिवे लागतात, मोबाईल भरावे लागतात, हरिपाठाला ध्वनिक्षेपक लागतो. हे सारे आपण गाडीच्या एकाच बॅटरीवर चालवतो आणि पहाटे सेल्फ मारला की गाडी उठत नाही.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. २०१८ सालच्या वारीत मी आमच्या गावच्या दिंडीबरोबर होतो. लोणंदच्या मुक्कामी पिकअपच्या बॅटरीवर रात्रभर चार दिवे चालले आणि पंधरा-वीस मोबाईल भरले गेले. पहाटे चार वाजता स्वयंपाकाचे सामान घेऊन गाडी पुढे तरडगावला निघायची होती. चालकाने किल्ली फिरवली तर नुसता 'खट्' असा आवाज. तो मला म्हणाला, "भाऊ, गाडी उचलंना झालीया." रान पावसाने ओले, ढकलायलाही जागा नाही. ढकलून तरी उपयोग झाला नसता, कारण इंधन सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे असलेली गाडी, बॅटरी अगदी उतरल्यावर धक्क्याने सुरू होत नाही. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून ती सुरू करेपर्यंत दिवस वर आला. त्या दिवशी वाटेत चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण असते. रस्ता माणसांनी भरून गेला आणि आमची गाडी मागेच अडकली. दिंडीतील म्हाताऱ्या माणसांना दुपारचे जेवण दिवस मावळताना मिळाले. माझ्या आत्याला मधुमेह आहे. वेळेवर खाणे न मिळाल्याने तिला घेरी आली. सुदैवाने शेजारच्या दिंडीने भाकरी दिली आणि ती सावरली.

दोष गाडीचा नव्हता, बॅटरी तयार करणाराचाही नव्हता. आमच्या नियोजनाचा होता. त्यानंतर आम्ही गाडीला दुसरी बॅटरी बसवली, आणि पहिल्या वर्षी त्यातही चूक केली. ती चूक आपल्याकडून होऊ नये म्हणून आजचे हे बोलणे.

सेल्फची बॅटरी आणि मुक्कामाची बॅटरी

सेल्फ मारताना मोटर साधारण दोनशे अँपियर प्रवाह ओढते, पण तो दोन-तीन सेकंदच. हिशेब केला तर एका वेळी अँपियर-तासाचा पाचवा हिस्साही खर्च होत नाही. म्हणजे सेल्फला वीज थोडी लागते, पण ती एकदम आणि जोराने लागते. त्यासाठी या बॅटरीत पातळ व पुष्कळ प्लेटा असतात. ती वारंवार निम्म्याहून अधिक उतरवली, तर प्लेटांवरील लेप सुटू लागतो आणि दोन-चार वर्षे चालणारी बॅटरी वर्षभरात निकामी होते.

मुक्कामाचे काम उलट असते. प्रवाह थोडा, पण तो तासन् तास. त्यासाठी जाड प्लेटांची, खोलवर उतरण्याचे सोसणारी बॅटरी हवी. म्हणून दोन कामांना दोन बॅटऱ्या, आणि त्या परस्परांपासून वेगळ्या, हे पहिले सूत्र आहे.

काही ठिकाणी दोन्ही बॅटऱ्या धनाला धन आणि ऋणाला ऋण अशा कायमच्या जोडून टाकतात. यात फसगत होते. घरची पिण्याची टाकी आणि शेततळे एकाच उघड्या पाइपने जोडले, तर शेततळे रिकामे होताना टाकीही रिकामी होणार. तसेच येथे घडते. रात्री दोन्ही बॅटऱ्या मिळून उतरतात आणि पहाटे गाडी उठत नाहीच. शिवाय एक जुनी व एक नवी असेल, तर जुनी बॅटरी नवीला खाली ओढते. धनाला ऋण अशी एकापुढे एक जोडणी तर मुळीच करू नये. तिचे २४ व्होल्ट होतात आणि १२ व्होल्टची उपकरणे जळतात.

बॅटरी केवढी घ्यावी?

दुकानदाराला विचारण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. उपकरणाचे वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. त्याला १२ ने भागले की अँपियर-तास मिळतात. आमच्या दिंडीचा एका रात्रीचा हिशेब असा होता :

१. एलईडी दिवे ४, प्रत्येकी ७ वॅट, ६ तास : १६८ वॅट-तास
२. १२ व्होल्टचा ध्वनिक्षेपक, सरासरी ४० वॅट, २ तास : ८० वॅट-तास
३. मोबाईल १५, प्रत्येकी सुमारे १२ वॅट-तास : १८० वॅट-तास

एकूण ४२८ वॅट-तास. १२ ने भागता सुमारे ३६ अँपियर-तास. वायरींतील व इतर घट धरून ४० समजावे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणून ४० ची दुप्पट, म्हणजे ८० अँपियर-तासांची बॅटरी लागते.

शक्यतो १२ व्होल्टवर थेट चालणारी उपकरणे वापरावीत. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करावे आणि त्यावर पुन्हा मोबाईलचा चार्जर लावावा, यात वीज दोनदा वाया जाते. पाणी तापवण्याची किटली, इस्त्री अशी उपकरणे बॅटरीवर चालवण्याचा विचारही करू नये. हजार वॅटची किटली ऐंशी अँपियरहून अधिक प्रवाह ओढते.

दुसरी बॅटरी म्हणजे शेततळे, विहीर नव्हे

आता आमची चूक सांगतो. ८० अँपियर-तासांची बॅटरी बसवली आणि आम्ही निर्धास्त झालो. पहिली रात्र उत्तम गेली. दुसऱ्या रात्री नऊनंतर दिवे मंद झाले. तिसऱ्या रात्री अंधार. गाडी मात्र रोज पहाटे सुरू होत होती, एवढे समाधान.

कारण सोपे होते. शेततळ्याला स्वतःचा झरा नसतो. जेवढे पाणी भरू तेवढेच ते देते. दिंडीची गाडी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरच चालते, म्हणजे इंजिन तासभर सुरू. उतरलेली बॅटरी सुरुवातीला वीस-पंचवीस अँपियर घेते, पण जसजशी भरते तसतसा प्रवाह कमी होतो. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. तासाभरात आमच्या बॅटरीत जेमतेम १८ अँपियर-तास जात होते. ८० मधून ४० गेले, १८ आले, राहिले ५८. दुसऱ्या रात्री पुन्हा ४० काढायला गेलो, तर १८ उरतात. बॅटरी निम्म्याच्या किती तरी खाली गेली.

बाजाराच्या गाडीचे तसे नाही. जुन्नर किंवा नाशिककडून वाशीला जाणारी गाडी चार-पाच तास सलग चालते. आवारात रात्री दोन दिवे, एक लहान पंखा आणि दोन मोबाईल, असे वीसेक अँपियर-तास खर्च झाले, तर परतीच्या वाटेवर ते भरून निघतात. म्हणून दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. रात्रीत किती काढणार? दिवसात किती भरणार?

दिंडीसाठी आम्ही तीन उपाय केले. पहिला, खर्च कमी केला. रात्री दहानंतर एकच दिवा ठेवला आणि मोबाईल शक्यतो दिवसा, गाडी चालू असताना भरू लागलो. दुसरा, टपावर १०० वॅटचे सौर पॅनेल चार्ज कंट्रोलरसह बसवले. चांगल्या उन्हात ते पाच-सहा अँपियर देते, म्हणजे पाच तासांत पंचवीसेक अँपियर-तास. पण आषाढात आभाळ असते. ढगाळ दिवशी त्याच्या निम्मेही येईल असे धरू नये. तिसरा, जेथे दोन दिवस मुक्काम असतो, जसे पुण्यात, तेथे मालकाला विचारून घरच्या विजेवर चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरून घेतो.

दोन बॅटऱ्यांमधील दार

दोन्ही बॅटऱ्यांमध्ये असे दार हवे की, डायनामो चालू असेल तेव्हाच ते उघडेल आणि इंजिन बंद झाले की लागेल. याचे प्रकार असे :

१. हाताचा स्विच : स्वस्त आणि टिकाऊ. पण रात्री बंद करायला विसरले की सारे मुसळ केरात.

२. साधा रिले : डायनामोच्या चार्जिंगच्या वायरीवरून चालवावा. नुसत्या किल्लीवरून चालवल्यास सेल्फ मारतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात आणि सेल्फचा प्रवाह जोडकेबलमधून जाऊन फ्यूज उडू शकतो.

३. व्होल्टेज पाहणारा रिले : पहिल्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १३.३ झाले की जोडतो, १२.८ च्या आसपास आले की तोडतो. म्हणजे आधी सेल्फची बॅटरी सावरते, मग दुसरीला वीज मिळते. साध्या डायनामोच्या गाडीला हा उत्तम.

४. डीसी-टू-डीसी चार्जर : १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या अनेक गाड्यांत डायनामोचे व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो. अशा गाडीत वरचा रिले मध्येच तुटतो किंवा बॅटरी अर्धवट भरते. तेथे हा चार्जरच बसवावा. तो महाग आहे, पण दुसऱ्या बॅटरीला हवे ते व्होल्टेज स्वतः तयार करतो.

आपल्या गाडीचा डायनामो कोणत्या प्रकारचा आहे हे अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारून घ्यावे. डायोड लावण्याची जुनी पद्धत टाळावी. साध्या डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट वाया जातात आणि दुसरी बॅटरी कायम उपाशी राहते.

केबल व फ्यूज

लांबवर बारीक पाइप टाकला तर शेवटच्या नोझलला दाब मिळत नाही, हे आपण जाणता. विजेचेही तसेच आहे. पुढच्या बॅटरीपासून हौद्यापर्यंत पाच मीटर केबल धरली, तर जाऊन-येऊन दहा मीटर होते. तांब्याच्या केबलमधून ३० अँपियर जाताना होणारी घट पाहा :

६ चौ. मि.मी. : सुमारे ०.९ व्होल्ट
१० चौ. मि.मी. : सुमारे ०.५ व्होल्ट
१६ चौ. मि.मी. : सुमारे ०.३ व्होल्ट

डायनामो १४.२ व्होल्ट देत असेल, तर ६ च्या केबलने बॅटरीपाशी १३.३ पोहोचतात आणि भरणे फारच मंदावते. म्हणून १६ चौ. मि.मी.ची केबल टाकावी. घरातील वायरिंगची उरलेली वायर वापरू नये. ऋण बाजूसाठीही तेवढ्याच जाडीची स्वतंत्र केबल टाकणे चांगले. गंजलेल्या चॅसीवर लग आवळून दिलेले अर्थिंग पहिल्याच पावसाळ्यात दगा देते.

फ्यूज दोन लागतात, दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकाशी एकेक, एका वितीच्या आत. पुष्कळ मिस्त्री एकच बसवतात. परंतु या केबलला दोन्हीकडून वीज मिळते. मध्ये कोठे ती घासून चॅसीला टेकली आणि एकाच बाजूला फ्यूज असला, तर दुसऱ्या बाजूची बॅटरी केबल लाल करते आणि गाडीला आग लागते. १६ च्या केबलला ५० ते ६० अँपियरचा फ्यूज पुरतो. डीसी-टू-डीसी चार्जर असल्यास त्याच्या पुस्तिकेतील आकडा पाळावा. दिवे, ध्वनिक्षेपक आणि मोबाईल यांना पुढे वेगवेगळे लहान फ्यूज द्यावेत. केबल रबरी किंवा नालीदार नळीतून न्यावी, सायलेन्सरपासून दूर ठेवावी आणि दर हातभरावर बांधावी.

बॅटरी कोठे व कशी बसवावी?

चालकाच्या केबिनमध्ये साधी पाण्याची बॅटरी ठेवू नये. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेतो. हौद्यात केबिनच्या पाठीशी किंवा चॅसीच्या बाजूला, हवा खेळेल अशा जाळीच्या पेटीत ती ठेवावी. खाली रबर, वर पट्टी, आणि नट-बोल्टने घट्ट आवळलेली असावी. वीस-पंचवीस किलोचे वजन खड्ड्यात सुटले, तर काय होईल याची कल्पना करावी. टर्मिनलवर रबरी टोप्या घालाव्यात, म्हणजे फावडे किंवा पहार पडून ठिणगी उडणार नाही. खताची पोती आणि शेतमाल पेटीला टेकू देऊ नयेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मर्यादा आहेत. म्हणून चॅसीला वेल्डिंग किंवा छिद्रे करू नयेत. मूळ वायरिंग कापू नये. वॉरंटी व विमा यांवर काय परिणाम होतो, ते आधी विचारून घ्यावे.

काम करताना हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. सोडताना आधी ऋण टोक सोडावे आणि जोडताना ऋण टोक शेवटी जोडावे. अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यांत गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डोळ्यांसाठी डॉक्टरकडे जावे.

बॅटरी किती उतरली हे कसे ओळखावे?

एक साधा मल्टिमीटर जवळ ठेवावा. सर्व उपकरणे बंद करून दोन-तीन तासांनी व्होल्टेज मोजावे. १२.६ किंवा अधिक म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. हे आकडे साधारण आहेत. वापर चालू असताना आकडा थोडा कमी दिसतो. कमी व्होल्टेजला आपोआप वीज तोडणारे उपकरण बसवल्यास उत्तम, कारण झोपलेला माणूस मीटर पाहत नाही.

पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे. बोअरचे किंवा फिल्टरचे पाणी घालू नये. वारीहून किंवा हंगामाहून परतल्यावर बॅटरी पूर्ण भरूनच ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग ती भरत नाही.

व्याख्यानानंतर विचारलेले काही प्रश्न

प्रश्न : साहेब, ट्रॅक्टरची काढून ठेवलेली बॅटरी दुसरी म्हणून चालेल का?
उत्तर : ती सेल्फची बॅटरी आहे आणि बहुधा थकली म्हणूनच काढलेली आहे. पूर्ण भरून तिच्यावर ६० वॅटचा दिवा लावून पाहा. हा दिवा तासाला सुमारे ५ अँपियर-तास घेतो. किती तासांत व्होल्टेज १२ च्या खाली जाते, त्यावरून तिच्यात किती जीव आहे ते कळेल. दोन-तीन तासांतच गेली, तर तिच्यावर केबलचा खर्च करू नका.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी चार दिवस गाडीत ठेवली तर?
उत्तर : हळूहळू उतरण्याच्या कामाला ती चांगली आहे. पण मोठी बॅटरी पन्नास किलोंच्या पुढे भरते, उंच असल्याने कलते आणि अ‍ॅसिड सांडते. गाडीत कायम बसवायची तर बंद प्रकारची, जाड प्लेटांची बॅटरी घ्यावी.

प्रश्न : रात्री तासभर इंजिन चालू ठेवून बॅटरी भरली तर?
उत्तर : उभ्या गाडीत इंजिन मंद फिरते, डायनामो पूर्ण वीज देत नाही आणि डिझेल जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजारी तंबूत माणसे झोपलेली असतात. धूर त्यांच्या नाकात जातो. असे करू नये.

प्रश्न : लिथियम बॅटरी घ्यावी का?
उत्तर : वजनाला हलकी आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरवता येते, हे तिचे गुण. पण ती डायनामोला थेट जोडू नये. ती एकदम फार मोठा प्रवाह ओढते आणि डायनामो तापतो. तिच्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर आणि बॅटरीतच संरक्षण यंत्रणा हवी. खर्च परवडत असेल तरच विचार करावा.

शेवटी एवढेच सांगतो. दुसऱ्या बॅटरीमुळे गाडीत वीज वाढत नाही. उद्या पहाटेची वीज आज रात्रीच्या खर्चापासून वेगळी राखली जाते. पेरणीचे बियाणे आपण खाण्याच्या धान्यात मिसळत नाही, वेगळ्या कणगीत ठेवतो. सेल्फची बॅटरी हे बियाणे समजावे. यंदा वारीला निघण्यापूर्वी, निदान आठ दिवस आधी, आपल्या अंगणातच गाडी एक रात्र मुक्कामाला उभी करून सारे दिवे लावून पाहावेत आणि पहाटे सेल्फ मारावा. जी चूक व्हायची ती घरी होऊ द्यावी, वाटेवर नको.